दौलतराव लिव्हला कोनी?

...हार कोनाच्या गळ्यात? रखमाजीच्या! शाल कोनाला? रखमाजीला! नारळ फोडला, खोबरं वाटलं, तेबी रखमाजीच्या नावानं, आन् मी बापडा तिथंच मंडपाच्या खांबाला टेकून उभा, सदऱ्यावरचं पीठ झटकून राह्यलो, की आता कोनीतरी म्हणंल, राधाकिसन, ये बाबा म्होरं... बिलकुल न्हाई! तुम्हाला सांगतो, मला हाराचं काही न्हाई. हार सांजंपर्यंत सुकतो. पर सबंध कुंभार पिंपळगावात एका माणसानं तरी इचारावं का न्हाई, की बाबा, एवढा दौलतराव उभा राह्यला, त्यो लिव्हला कोनी?

म्या! राधाकिसन चक्कीवाल्यानं!

दिवसभर दळतो, आन् दळता दळता नाटकं लिव्हतो. दर साली चैत्रात मारुतीच्या जत्रंला आमच्या गावात नाटक होतं, आन् ते माझंच होतं. बाकीच्या गावांत काय करतात? शहरातून छापील पुस्तक आणतात आन् पाठ करतात. आमच्या गावाला घरचा लेखक हाय, घरच्या ज्वारीसारखा! तर परवाच्या साली काय झालं, आमच्या नाटकातला दुष्ट सावकार स्टेजवर आला, काजळानं मिशी काढलेली, कमरेवर हात ठेवून हा हा हा हसला, आन् काय सांगू, पब्लिकबी हसली. त्यो पुन्हा हसला, पब्लिक पुन्हा हसली. शेवटी त्यालाबी खरंच हसू आलं, आन् मिशी गालावर ओघळली. अंबडहून एक सायब पाहुणे म्हणून आल्ते, ते भाषणात म्हणले, नाटक ठीक आहे, पण तुमचा तो दुष्ट माणूस म्हणजे शेतातलं बुजगावणं वाटला. बुजगावणं! माझ्या पात्राला!

झालं, आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष काकासाहेब, आता हे अध्यक्षबी हायत आन् दर नाटकात नायकबी तेच हायत, वय साठीकडं चाललंय, पर पडदे त्यांचे, गॅसबत्त्या त्यांच्या, मंग नायक दुसरा कोन होणार? तर काकासाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणले, "राधाकिसन, एक मौका देतो. येत्या जत्रंला लोक पुन्हा हसले, तर त्याच्या पुढल्या सालापासून औरंगाबादहून छापील नाटक आणायचं." तुम्हाला सांगतो, चक्की बंद पडली तर दुसरीकडं कामाला जाईन, पर माझी लेखणी बंद पडली तर मी गावात कोन? नुस्ता पिठाचा माणूस!

अशा टायमाला माझा मेहुणा आला, बद्रीनाथ. औरंगाबादला बी. एड. करून राह्यलाय. पाटलोण खाली एवढी रुंद की तिच्यात एक पायली ज्वारी मावंल. मी त्याला माझी सगळी कहाणी सांगितली, नवं नाटक दाखवलं. नाव 'आडाला कुलूप'. गोष्ट अशी, की दौलतराव नावाचा एक दुष्ट माणूस गावच्या आडाला कुलूप घालतो आन् किल्ली सोताच्या कमरंला लावतो, पाण्याबिगर गाव तळमळतं, शेवटी नायक हातोड्यानं कुलूप फोडतो. बद्रीनाथनं वाचलं आन् म्हणला, "दाजी, स्वभाव असा अंदाजानं लिहायचा नसतो, त्याचं शास्त्र असतं." आन् पिशवीतून त्यानं कागद काढला. व्यक्तिमत्त्व चाचणी! म्हणजे काय, तर माणसाला प्रश्न इचारायचे, तुम्ही लवकर चिडता का, दुसऱ्याचं दुःख पाहून तुम्हाला वाईट वाटतं का, तुमच्यामुळं कोनाला तरास होतो का, असे लई प्रश्न, आन् त्याच्या उत्तरांवरून माणूस आतून कसा हाय ते कळतं. मी म्हणलो, अरे पर दौलतराव तर कागदावरचा माणूस, त्याला इचारायचं कसं? तर म्हणतो, तुम्ही दौलतराव व्हा आन् उत्तरं द्या.

मी झालो. चिडता का? होय. वाईट वाटतं का? न्हाई. लोकांला तरास देता का? होय, जल्दी जल्दी देतो! बद्रीनाथनं कपाळाला हात लावला. "दाजी, ही तुमची उत्तरं हायत. दौलतराव सोताबद्दल असं सांगंल का?"

आता हे मला पटंना. मंग मी ठरवलं, आधी जित्या माणसांवर परीक्षा घेऊ. आन् माझ्याइतकी सोय कोनाची हाय सांगा? अख्खं गाव चक्कीवर येतं, आन् दळण होईस्तोवर कोनीबी हालत न्हाई. इंजिन टुकटुक टुकटुक करून राह्यलंय, मी ओरडून प्रश्न इचारतो, समोरचा ओरडून उत्तर देतो. पहिली आली झुंबरबाई. हिच्या आळीतून कुत्रंबी खालमानेनं जातं. मी इचारलं, झुंबरकाकू, तुम्ही लोकांशी भांडता का? तिनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला. "कोन म्हणतं मी भांडते? नाव सांग. न्हाई न्हाई, आधी नाव सांग." त्या नादात तिची ज्वारी दुसऱ्याच्या बाजरीत गेली. दुसरा एक गडी, दिवसभर लिंबाखाली झोपलेला असतो, त्याला इचारलं मेहनत आवडते का, तर म्हणतो मेहनतीबिगर मला चैन न्हाई, आन् हे कुठून सांगतो, तर दुसऱ्याच्या पोत्यावर आडवा पडून! घरी गेलो, बायकोला इचारलं, गोपिका, तू नवऱ्याला उलट बोलतीस का? ती म्हणली, बोलण्यासारखा असंल तर बोलन ना.

आन् मंग, तुम्हाला सांगतो, चक्कीचा पट्टा फिरता फिरता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सोताला वाईट म्हणणारा माणूस ह्या जगात न्हाईच! समदेच सोताच्या चाचणीत पास! मंग माझा दौलतराव तरी नापास कशाला होईल? तसाच बसलो पिठाच्या डब्यावर, आन् म्हणलो, या दौलतराव, बसा, आता खरं सांगा. तुमच्यामुळं कोनाला तरास होतो का? आन् कान देऊन ऐका, त्यो माणूस माझ्या तोंडातून आपसूक बोलाया लागला... "मायबाप, मी कुलूप लावलं ते तुमची लेकरं आडात पडू नये म्हणून. किल्ली माझ्यापाशी ठेवली ती हरवू नये म्हणून. आन् मागंल त्याला पाणी देतोच की मी. फकस्त मागावं लागतं, एवढंच." माझ्या अंगावर काटा आला! एवढं गोड, एवढं बराबर, की मीच क्षणभर मान डोलावली. हे लिव्हलं कोनी? म्या! सगळ्या प्रश्नांची उत्तरं घेतली मी दौलतरावाची, आन् हर एक उत्तराचं भाषण केलं. बद्रीनाथ म्हणला, दाजी, आता नायकालाबी चाचणी लावा. मी म्हणलो, त्याला कशाला? नायक चांगलाच असतो. त्याला एक वाक्य दिलंय, 'अन्याय, घोर अन्याय', काकासाहेबांला तेवढंच पाठ होतं.

आता दौलतराव करायचा कोनी? मागच्या सावकाराला गाव अजून सावकार म्हणतं, त्याच्या पोराची सोयरीक मोडता मोडता राह्यली, म्हणून कोनीच तयार होईना. राह्यला रखमाजी. बैलांला नाल मारतो, आन् एवढा लाजाळू, की बैलाशीच बोलतो, बैलाच्या मालकाशी बोलत न्हाई. मी त्याला म्हणलो, बाबा, तू वाईट माणूस करूच नको. तू समज, सगळ्या गावात तूच एक चांगला हायस. त्याला ते इतकं पटलं, की बैलाच्या पायाशी बसून म्हणून राह्यला, "मायबाप, खिळा ठोकतो ते तुझा पाय दुखू नये म्हणून." आन् बैल गप उभा!

जत्रंचा दिवस आला. अंबडचे तेच सायब पुढच्या खुर्चीवर. मी पडद्याआड, काळीज चक्कीच्या इंजिनासारखं. रखमाजी आला, मिशी न्हाई, हा हा हा न्हाई, साधं धोतर, हात जोडलेले. "मायबाप, मी कुलूप लावलं ते..." आन् तुम्हाला सांगतो, हजार माणूस चिडीचूप. कोनी हसंना! मला रडू फुटलं पडद्याआड, खोटं न्हाई सांगत, माझी लेखणी वाचली! तेवढ्यात काकासाहेब हातोडा घेऊन आले, "अन्याय, घोर अन्याय," आन् कुलपावर हातोडा उगारला, तर पब्लिकमधून झुंबरबाई उठून उभी राह्यली. "अय काकासाहेब, ठेव त्यो हातोडा खाली. लेकरं पडतील ना आडात." आन् सगळं पब्लिक, होय होय, बराबर हाय! नायक हातोडा उगारून तसाच उभा, ना फोडता येतंय ना खाली ठेवता येतंय, शेवटी मीच पडदा पाडला. सायब स्टेजवर आले, म्हणले, असं जिवंत पात्र मी बघितलं नाही. आन् हार घातला... कोनाला? सांगितलं ना, रखमाजीला.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. अहो, कशाची संपती! हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, लोकांनी रखमाजीला उभं केलं. का? तर बोलतो किती चांगलं! समोर कोन? काकासाहेब. काकासाहेब भाषणाला उभे राह्यले, दोन हात वर केले, "अन्याय, घोर अन्याय," आन् खाली बसले. रखमाजीनं मात्र माझी भाषणं एकामागून एक म्हणून दाखवली, नुस्तं आडाच्या जागी गाव घातलं. निवडून आला, आन् वर सरपंच झाला! सांगा मला, कोन्या मोठ्या लेखकाचं पात्र सरपंच झालंय? माझं झालं! मी छाती काढून फिरून राह्यलो, आता तरी कोनी इचारंल, ह्याला लिव्हला कोनी... न्हाई इचारलं.

आन् औंदा चैत्र लागला, आडाचं पाणी खाली गेलं, आन् एका सकाळी बघतो तर आडावर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. खरंखुरं! किल्ली रखमाजीच्या कमरंला. सकाळच्याला थोडा येळ उघडतो, मंग बंद. गोपिकाबाई रिकामी घागर घेऊन परत आली आन् घागर माझ्यापुढं ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणली एवढंच, जावा, घरात प्यायला थेंब न्हाई, तुमचाच माणूस हाय, तुम्हीच घेऊन या.

गेलो. आडापाशी गर्दी, बाया घागरी घेऊन उभ्या, आन् पहिल्यांदाच लोक जरा कुरकुर करून राह्यले. मी म्हणलो, रखमाजी, कुलूप काढ. रखमाजीनं हात जोडले. "मायबाप, मी कुलूप लावलं ते तुमची लेकरं आडात पडू नये म्हणून." मी तोंड उघडलं उत्तर द्यायला... आन् तुम्हाला सांगतो, उत्तरच न्हाई! कारण ह्याला उत्तर लिव्हायचं कोनी होतं? म्याच! आन् म्या तर नायकाला एकच वाक्य दिल्तं. तेवढ्यात काय झालं, रखमाजी पुढं म्हणला, "किल्ली माझ्यापाशी ठेवली ती... ती..." आन् अडकला! निवडणुकीनंतर विसरला गडी! लोक त्याच्याकडं बघून राह्यले, कुरकुर वाढली, एक बाई म्हणलीबी, ती काय, सांग की. मी नुस्तं गप बसायचं होतं. एवढं एक काम. गप बसलो असतो तर तवाच्या तवा कुलूप निघालं असतं, पाणी मिळालं असतं, गाव सुटलं असतं. पर सांगा, आपलं एवढं सुंदर वाक्य आपल्या डोळ्यांदेखत अर्धं मरून राह्यलंय, आन् लेखकानं गप बसायचं? कसं जमंल?

मी हळूच म्हणलो, "हरवू नये म्हणून."

"हरवू नये म्हणून!" रखमाजी म्हणला, आन् काय म्हणला, वा! माना हलल्या, बाया गप झाल्या, मागून कोनीतरी टाळीबी वाजवली. माझा ऊर भरून आला. आन् तोवर कुलूप उघडायची येळ निघून गेल्ती.

घरी आलो. गोपिकानं घागरीत डोकावून बघितलं, रिकामी. तिला आडावरची सगळी गोष्ट शेजारणीनं आधीच सांगितल्ती. ती कमरंवर हात ठेवून माझ्यापुढं उभी राह्यली आन् म्हणली, "मला एक सांगा, हा मेला दौलतराव लिव्हला कोनी?"

बघा! सालभर मी वाट बघितली, सबंध गावात एकानं इचारलं न्हाई, आन् शेवटी इचारलं ते माझ्याच बायकोनं...

मी म्हणलो, "ते छापील होतं. औरंगाबादहून आणल्तं."