काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक

...नाही, पण मला सांगा, मुक्या माणसाच्या भरवशावर कुणी आई सोपवतं का? मी सोपवली! तुम्हाला सांगतो, ॲप तयार होत असतं तेव्हा डीबग मोडमध्ये चालवायचं असतं, जरा बिघडलं की ते बोंब मारतं, स्क्रीन लालभडक, अमक्या ओळीत चूक! आणि रिलीज मोड म्हणजे लोकांच्या हातात द्यायचं रूप... चपळ, देखणं आणि चुकांच्या बाबतीत तोंड शिवलेलं. मी बनवलेलं ॲप कसलं? तर एकट्या राहणाऱ्या आईने सकाळी दहाच्या आत ‘मी बरी आहे’चं बटण दाबायचं, नाही दाबलं की मुलाच्या फोनवर भोंगा! पहिलं गिऱ्हाईक आमचीच आई. तिच्या जुन्या फोनवर डीबगमधलं ॲप रांगायचं. ‘अरे, बटण दाबून आंघोळ करून आले तरी तुझं चक्र फिरतंच आहे! मी बरी आहे हे सांगता सांगता आजारी पडेन!’

ऑफिसात शेजारी बसणारा सीनियर, आम्ही त्याला गुरुजी म्हणतो, तो बजावत होता, ‘लेका, काम अर्धवट आहे, रिलीजमध्ये नको चालवूस.’ मी ऐकतोय होय! दिलं रिलीजमधलं टाकून आईच्या फोनवर. काय पळायला लागलं म्हणता! सोमवारी दहा वाजले, भोंगा नाही. काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक! मंगळवारी नाही. मी आईला साधा फोन केला नाही, कशाला करायचा, एवढं ॲप आहे ना? बुधवारी... काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक!

बुधवारी दुपारी गुरुजी माझ्या स्क्रीनवर वाकले. ‘भोंगा वाजवायचं काम तू या तपासणीच्या ओळीत लिहिलंयस?’ ‘हो, चालतंय की!’ ‘अरे शहाण्या, त्या ओळी फक्त डीबगमध्ये चालतात. रिलीजमध्ये गाळल्या जातात!’

भोंगा वाजणारच नव्हता हो! म्हणजे तीन दिवस... आईला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. उचलेना! धावत सुटलो, चार मजले कसे चढलो देव जाणे, बेल वाजवली, आत हूं नाही की चूं नाही, माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं तर पडदे ओढलेले, आणि अंधारात खुर्चीवर आई. समोर फोन.

‘आई!’

‘आलास? सोमवारपासून दाबलं नाही मी. म्हटलं बघू तरी, कोण येतंय.’

ओरडली असती तर परवडलं असतं! लाजेने माझी मान वर होईना. त्याच दिवशी चूक दुरुस्त केली, आता भोंगा खणखणीत वाजतो. रोज वाजतो! रोज दहाला! मी धापा टाकत पोचतो, तर दारात बाईसाहेब ठणठणीत! ‘अगं, बटण का नाही दाबलंस?’ ‘दाबलं असतं तर तू आला असतास?’

पण एखाद्या दिवशी खरंच दाबता आलं नसेल, तर मला कळायचं कसं हो?... म्हणून हल्ली भोंग्याची वाट बघत नाही. साडेनऊलाच निघतो.