वडिलांचा राग

१९९६ साली दवाखान्यात माझ्या शेजारी आमच्या गल्लीतली एक आई आणि तिचा तरुण मुलगा बसले होते.

“मेंदूतली रसायनं मोडणारं एन्झाइम माझ्यात नीट बनत नाही. म्हणून मी भडकतो, म्हणाले डॉक्टर.”

“वडिलांवर गेलायस, दुसरं काय.”

“नाही गं. त्याचं जनुक मुलाला आईकडूनच येतं.”

“काहीतरीच. ते गेले, पण तू ताट ढकललंस की मला समोर तेच दिसतात.”

“म्हणून कधी ओरडली नाहीस होय?”

“तुला गप्प करवत नव्हतं मला. मग आता त्यांचं तुझ्यात काय राहिलं रे?”

“नाक आहे की.”

“नाक मामाचं.”

पुढे औषधांनी तो निवळला, संसाराला लागला. आई बऱ्याच वर्षांनी बाजारात भेटली, तेव्हा मी मुलाची चौकशी केली.

“चांगलाय. आवाजसुद्धा चढवत नाही,” ती म्हणाली. “घर अगदी सुनं लागतं हो.”