उतारावरचा दगड

आजच्या सभेचे अध्यक्ष अर्जुनराव पाटील, त्यायच्या बाजूनं बसलेले वामनराव मास्तर, ज्यायच्यासाठी आपन सारे जमलो ते आमचे उकंडमामा नावाडी, पल्याडच्या काठाचे रज्जाकभाई, अन् खाली बसलेल्या मायबहिनी अन् मंडळी, साऱ्यायले माहा रामराम अन् सलाम.

मास्तरनं मले एवढंच लिहून देलं होतं. पुढचं मलेच बोला लागते. तिसरीतून शाळा सुटली, तवापासून मी मानसायपरीस पान्याशीच जास्त बोललो. त्यात वारा सुटला, पूर्णामाय फुगून राह्यली, अन् नाव काठाच्या उतारावर अर्धीच ओढलेली हाय. माहं ध्यान सारं तिकडंच.

मामानं तीस वर्षं नाव चालवली. ते म्हनत, पैलतीरी नेनं कोनालेबी जमते, नाव वर काढनं खरं काम. त्यायचे कायदे तुमाले ठाऊक हाय. जो आंधी आला त्याची नाव आंधी. मांगच्यानं पान्यातच थांबाचं. नावीच्या खालच्या अंगाले कोनी उभं नाही राहाचं. चार हात ओढली का दम घ्याचा, पन त्याच्या आंधी नावीखाली दगड लावाचा, गाडीच्या चाकाले लावतो तसा. दगडवाला "टेकला" म्हनत नाही तोवर दोरी सोडाची नाही. एकदा पाटलायनंच घाई केली, तं मामा म्हने, "पाटील, गावात तुमी, उतारावर मी." अध्यक्षायनं राग मानू नये.

मंग पोळ्याच्या बाजाराले काय झालं? सारे म्हनते, दगड घसरला, नाव खाली आली, मामाचा पाय सापडला. मामानंच तसं सांगतलं. पाय गेला म्हनून आज हा निरोप. अन् गाव आज ती नाव माह्या हाती देऊन राह्यलं.

मंडळी, दगड कसा घसरनार? मी तो लावलाच नव्हता.

रज्जाकभाईची नाव आमच्या मांगून आली होती. मी वळून म्हनलं, "काऊन रज्जाकभाई, तुमच्या नावीत बैल बसला का?"

ते म्हने, "तू तुही सांभाळ बे. पहले दगड लाव."

मी हासलो, अन् हासता हासताच "टेकला" म्हनून देलं. मामानं दोरी सोडली अन् नाव खाली सुटली. खाली झुंबरबाई घागर भरत होत्या. मामा धावले, त्यायले ढकललं, अन् सोताचा पाय देला.

झुंबरबाई, मान खाली नोका घालू. नावीखाली काऊन गेली म्हनून साऱ्या गावानं तुमाले बोल लावला. मी ऐकत राह्यलो. तुमाले बाजूले व्हा म्हननं माहं काम होतं.

आज सकाळी मामाले म्हनलं, सांगून टाकतो. मामा म्हने, "नाव जाईन तुही."

"अन् नाही सांगतलं तं 'टेकला' म्हनाले तोंड कुठून आनू?"

मामानं काठी घेतली अन् म्हने, "चाल, सभेले उशीर होते."

आता नाव कोनाले द्याची ते तुमी ठरवा. पन सभा उठली का चार जन उताराले या, पानी चढून राह्यलं. दगड मी लावून आलो. दोनदा हलवून पाह्यला.

तुमी ऐकून घेतलं, उपकार झाले. बोलन्यात उनं-अधिक झालं असीन तं पदरात घ्या. त्या दिवसाचं पदरात घ्या, असं मी म्हनत नाही.