तीन हजार अवघड शब्द

— हाव, हाच शेखर सरांचा क्लास, अन् मीच शेखर सर, दुसरं कोण राहीन इथं? बस. तिकडं नको, थे खुर्ची डुगडुगते, इकडं बस. नर्स हाये म्हणून राह्यली, शेगावले — अन् आयर्लंडले जायचं. सगळ्याइलेच जायचं हाये. नांदुऱ्याच्या स्टेशनावर गाडी कधी येते हे इंग्रजीत इचारता येत नाई, अन् आयर्लंड. सांग बरं, 'खूप'ले इंग्रजीत काय म्हणशीन? व्हेरी. झालं. हे तं पाचवीतलं लेकरू सांगीन. 'प्लेथोरा' ऐकला कधी, म्हंजे रेलचेल? 'युबिक्विटस', जिकडंतिकडं असणारा? नाई न. असे तीन हजार शब्द काढले मी आयईएलटीएससाठी, त्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी — रोज चाळीस पाठ करायचे अन् निबंधात ठोकून बसवायचे.

महामाया? तिचं नाव कोणं सांगतलं तुले? साखरखेर्ड्याची हाये होय तू, तिच्याच गावची — मंग बरोबर. हाव, भिंतीवर तिचाच फोटो. मीच लावला. पण तिच्यासारखी मठ्ठ पोरगी मी पाह्यली नाई. प्रत्येक शब्दाले इचारे — सर, हा शब्द कोण कोणाले म्हणते? काऊन पाहिजे तुले थे? पाठ कर न गुपचूप. पहिल्या खेपेले नागपूरले गेली, परीक्षा घेणाऱ्या बाईनं इचारलं, तुमच्या कामाबद्दल सांगा. हिनं माह्यं वाक्य सुरू केलं — माय प्रोफेशन इज अ प्लेथोरा ऑफ — अन् थांबली. कायचा प्लेथोरा, थेच सुचेना. बाई पुढचं इचारून राह्यली अन् ही तिथंच अडकली. नवापैकी साडेपाच आले, पाहिजेत सात. ह्याच बाकावर बसून रडली. मी म्हणलं, तुह्याच्यानं होत नाई, घरी जाय, लग्न कर. हाव, म्हणलं तसं. मास्तरानं काय खोटं बोलावं?

मंग क्लास सोडला तिनं. नर्सच थेबी, जळालेल्या बायांच्या वॉर्डात ड्यूटी होती — तिथंच बसली शिकत. एखादी बाई म्हणे ठणकते, एखादी म्हणे चरचरते, एखादी म्हणे आतून कोणी पिळून राह्यलं — हे सगळं वहीत लिहे, अन् एकेकाले इंग्रजी शब्द हुडके, डॉक्टरले इचारून, मोबाइलवर ऐकून. ठणकणं वेगळं, चरचरणं वेगळं. एकदा थे वही पाह्यली तं मी हसलो. म्हणलं, हे काय, दुखण्याची यादी? 'पेन' म्हणलं की झालं. दुसऱ्या खेपेले बाईनं पुन्हा कामाचंच इचारलं — अन् ही बोलतच राह्यली. बाहेर आली तं चेहरा असा उजळलेला, जशी —

काय? मले कसं मालूम? तिनंच सांगतलं असन. नाई — मी होतो तिथं. नागपूरले माणसाले कामं राह्यतात. अशी काय पाह्यते? बरं, मीबी बसलो होतो परीक्षेले. माह्यी तिसरी खेप. शिकवणाऱ्यानं अधूनमधून द्यावं लागते. सकाळी लायनीत ती माह्या पुढंच. मांगं वळली, म्हणली, "सर, तुम्ही?" — बस, एवढंच. मंग आपल्या जवळचा पेन देला मले, माह्यी शाई उमटून नव्हती राह्यली म्हणून. तिले साडेसात आले. गावात चकार शब्द बोलली नाई माह्याबद्दल. परदेशी जायच्या आदल्या दिवशी थे वही आणून देली, म्हणली, "सर, पोरीइच्या कामी येईन." माह्याच टेबलावर ठेवली, माह्या तीन हजार शब्दाइच्या वर. अशी आगाऊ.

आता थे वहीच शिकवतो मी. दोन वर्षं झाले. चार नर्सा गेल्या त्याच्यावर. तुलेबी थेच शिकवीन, दुसरं काय हाये माह्याजवळ.

मले किती आले? तू शिकाले आली का इचाराले आली?

सहा. तीन हजार शब्द, अन् सहा. ऊठ आता. सोमवारी नऊले ये, अन् चप्पल बाहेर काढत जाय.