मोटर जळाली आणि बोट माझ्याकडे

माझं गाव चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या अंगाला. वडील जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. आम्ही पाच बहिणी, त्यात मी एकटी बारावी झाले, टायपिंग शिकले अन् जळगावले आले, डाळीच्या मशिनी बनवणाऱ्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. सतरा वर्षं गिऱ्हाइकांची पत्रं मी वाचली, उत्तरं मी दिली, फोन मी उचलले. कोणत्या मशिनले कोणती मोटर, तूर किती भिजवायची, बठ्ठं मले तोंडपाठ. काय सांगू तुम्हाले, फिटरसुद्धा मले विचारून जायचे.

मग नव्व्याण्णवमध्ये शेठच्या डोक्यात वेबसाइट शिरली. धुळ्याच्या एका व्यापाऱ्यानं केली, मग आपलीही पाहिजेच. मी म्हटलं, शेठ, मजकूर मी लिहून देते, बाकीचं जाणकार माणसाले करू द्या. शेठ म्हणाले, निर्मलाबाई, हे टायपिंग नाही, तुमचं काम नाही ते. पुण्याहून एक साहेब आले. एक दुपार थांबले, फोटो काढले, जुना कॅटलॉग बॅगेत टाकला, भरीत-भाकरी खाल्ली अन् गेले. मले एक अक्षर विचारलं नाही. एक अक्षर नाही!

साइट सुरू झाली, शेठनं पेढे वाटले. मी कॉम्प्युटरसमोर बसले, पान हळूहळू उघडलं, अन् पाहते तर मोठ्या मशिनच्या फोटोखाली लिहिलेलं, सिंगल फेजवर चालते. अहो, ते लहान मशिनचं! मोठीले थ्री फेजच लागते. शेठले लगेच दाखवलं, ते म्हणाले, कळवा त्यांले. पुण्याले फोन लावला, साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा लावला, म्हणे पुढच्या वेळी एकदम बदलू. दीड महिना मी फोन करत होते, एका ओळीसाठी, अन् पासवर्ड त्या साहेबांजवळ.

अन् एक दिवस सेंधव्याकडची एक बाई आली, सखूबाई. तिच्या गावातल्या दहा-बारा बायांनी मिळून डाळीचं काम धरलं होतं. भाच्यानं इंदूरले आमच्या साइटचं पान छापून दिलं, त्यावरून त्यांनी तिथल्याच दुकानातून आमची मोठी मशीन घेतली. गावात वीज सिंगल फेजची. वायरमननं कसंबसं जोडून दिलं, मोटर जळाली, अन् बठ्ठ्या बाया हिच्यावर उलटल्या, तूच आम्हाले यात पाडलं. तिनं तो कागद पुढे धरला, म्हणाली, हाई तुम्हनंच लिखेल शे ना? हे तुमचंच लिहिलेलं ना?

अन् शेठ काय म्हणाले? माझ्याकडे बोट करून म्हणाले, आमच्या टायपिस्टबाईची चूक झाली.

अंगाची आग झाली माझ्या. सतरा वर्षांत शेठसमोर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. म्हटलं, चूक माझी नाही, मी पहिल्याच दिवशी दाखवली होती, अन् या बाईले आत्ताच्या आत्ता मशीन बदलून द्या, नाहीतर तुमचा टाइपरायटर तुम्हीच बडवा. फिटर काम थांबवून पाहत होते. शेठनं बदलून दिली. सखूबाईनं जाताना माझा हात दाबला.

मग शेठनं पुण्याहून पासवर्ड मागवला अन् म्हणाले, आता साइट तुम्हीच सांभाळा. ऑफिस सुटलं की मी क्लासले जायची, शिकले, बठ्ठ्या चुका काढल्या. हुद्दा मात्र टायपिस्टचाच. अन् पाहुणे आले की शेठ छाती फुगवून सांगायचे, साइट आम्ही घरच्या घरी करतो, त्यासाठी माणूस ठेवायची गरज नाही. मी तिथंच बसलेली असायची. मी माणूस नव्हते का?

आता रिटायर झाले. दुकानदार अजून विचारतात, अक्का, साइट स्वतः करावी की माणूस लावावा. मी सांगते, कोणाकडूनही करा, पण गिऱ्हाइकाचा फोन जो उचलतो त्याले वाचून दाखवल्याशिवाय एक ओळ चढवू नका, अन् घरच्यानं केलं तर त्याले त्या कामाचा मान द्या. राग? आहे ना, का जावा तो? त्याच कारखान्यात आता एक पोरगी हे काम करते, कधीमधी फोन करते मले. तिले म्हटलं, माय, आधी हुद्दा कागदावर लिहून घे, मग हात लाव. तिनं घेतला म्हणे लिहून. सुखी राहो बिचारी.