ॲपमध्ये पेपरवेट कुठंय?

...आणि वर मॅनेजरसाहेब मलाच विचारतात, "सगळं छान आहे रे, पण यात पेपरवेट कुठंय?" आता मला सांगा, वेब ॲपमध्ये पेपरवेट कुठून आणायचं? आणि मी काय म्हणालो? म्हटलं, करतो.

तुम्हाला सांगतो, हेतू चांगला होता हो. लांब शिकून परत आलो, डोक्यात एकच, आपल्या माणसांसाठी काहीतरी करायचं, आणि आल्या आल्या आपलं माणूस समोर, म्हणजे माझी मावशी... बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला, लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर, तिकडे सासरी करणारं कोणी नाही, आणि हिच्या रजेचा कागदी अर्ज मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर, काचेच्या पेपरवेटखाली. रोज जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून डोकावून येते.

विचारलं, "नाही म्हणाले का साहेब?"

"छे, साहेब कधी कुणाला नाही म्हणत नाहीत. देवमाणूस."

"मग हो म्हणाले?"

"अरे, पेपरवेटखाली आहे ना..."

मला काही कळलं नाही, पण रक्त मात्र उसळलं. म्हटलं, अर्ज मोबाईलवर, मंजुरी मोबाईलवर, मधलं टेबलच उडवतो. साहेबांना जाऊन सांगितलं, फुकट करून देतो. फुकट म्हटल्यावर साहेबांनी खुर्ची दिली. हेडक्लार्क म्हणाले, "कारणाला एकच ओळ ठेव, लोक कादंबऱ्या लिहितात." म्हटलं, करतो. पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, "बटणं मोठी ठेव रे बाबा, हाताला साखर असते." म्हटलं, करतो. रकाना न् रकाना विचारून घेतला, पण पेपरवेटचं कुणाला विचारलं नाही... शिकलेला माणूस पेपरवेटबद्दल विचारतो का कधी?

ॲप सुरू. पहिला अर्ज मावशीचा. साहेबांपुढे दोनच बटणं, मंजूर आणि नामंजूर. साहेबांचं बोट अधांतरी.

"नामंजूर? अरे, हिच्या लेकीच्या लग्नात जेवलोय मी. कुठल्या तोंडानं नामंजूर करू?"

"मग मंजूर करा की."

"आणि पॅकिंगला कोण, तू बसणार?"

आता जिभेला लागलेलं वळण... म्हटलं, करतो.

साहेब इतके हसले की हेडक्लार्क धावत आले. मग साहेबच मऊ आवाजात म्हणाले, "तू आपलं तिसरं बटण कर. कागद पेपरवेटखाली ठेवला की माणूस काय ते समजतो, आपल्यालाही वाईट बोलावं लागत नाही. तसलं काहीतरी."

"त्यावर लिहू काय?"

"लिही... बघू."

मी रात्रंदिवस खपून दोन बटणं केली होती, ती आता तिथे नुसती शोभेला. सगळे अर्ज बघू. मावशीचा बघू. शेवटी तिचाच फोन आला. वाटलं, आता शिव्या बसणार, तर आवाज लोण्यासारखा.

"बाळा, तुला अजून कुठे नोकरी लागली नाही ना?"

"नाही गं."

"म्हणजे तुला कुणाची परवानगी लागत नाही. मग जा ना ताईकडे, दोनेक महिने."

म्हटलं... काय म्हणणार होतो?

मुलगी झाली, छान आहे, बाळ-बाळंतीण सुखरूप. मी दुपटी धुतो, ढेकर काढतो, मांडीवर थोपटतो. परवा एकदा फार कंटाळलो होतो, ती रडायला लागली, तर मी पडल्या पडल्याच म्हणालो, बघू.

तिनं ऐकलं नाही हो.