सरकत्या पट्ट्यावरचा जोतिबा

विषय : जोतिबाचा डोंगर पायी चढण्यास परवानगी मिळणेबाबत.

हृदयाच्या दुखण्यातून उठल्यावर मी डॉक्टरांकडे तसा रीतसर अर्जच दिला. ते म्हणाले, "आधी या सरकत्या पट्ट्यावर चाला. नाडी मी सांगेन तेवढीच वाढू द्यायची. चढ हळूहळू वाढवू."

चालून चालून आहे तिथंच राहायचं. जन्मभर कारकुनी केल्यामुळं मला ते जड गेलं नाही. डोळे मिटले की पायाखाली डोंगर यायचा, वाऱ्यावर गुलाल यायचा. एकदा शिखर दिसलं आणि मी हात जोडून उभा राहिलो. पट्टा काही थांबला नाही.

डॉक्टरांनी मला मागच्या भिंतीजवळून उचललं. "अहो भाऊसाहेब, मध्येच थांबलासा कशाला?"

"देऊळ आलं की!"

त्यांनी मनगट धरलं. "नाडी तर ठरल्याप्रमाणंच हाय!"

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.